विजेची वार्ता : गडगडाटी वादळांच्या पूर्वसूचनेचा इतिहास



या स्मृतिव्याख्यानासाठी मी हवामानशास्त्राच्या इतिहासातील एक लहानसा, परंतु खेरडीच्या जिव्हाळ्याचा विषय निवडला आहे. दमणगंगेच्या या मुलखाला वळीव नवा नाही आणि परतीचा पाऊसही नवा नाही. दुपारभर ऊन तापते, डोंगरमाथ्यावर ढग चढतात आणि माणसे शेतात असतानाच वीज कोसळते. ती येणार हे आधी कळते काय, हा एक प्रश्न. कळले तरी शेतातल्या माणसापर्यंत वेळेवर पोहोचते काय, हा दुसरा. इतिहासाने पहिल्या प्रश्नाची जितकी चिंता वाहिली, तितकी दुसऱ्याची वाहिली नाही, असे माझे मत आहे.

१८६४ सालचे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ सालची अवर्षणे यांनी राज्यकर्त्यांना जाग आणली. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले व हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. १९२८ साली मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. त्या वास्तूला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. ठिकठिकाणच्या नोंदी तारेने मागवाव्यात आणि नकाशावर मांडाव्यात, ही त्या काळची रीत. शेकडो किलोमीटर व्यापणारे चक्रीवादळ या जाळ्यात सापडे. गडगडाटी वादळाचा एकेक ढग मात्र काही किलोमीटरांचा आणि तासाभराच्या आयुष्याचा. तो जाळ्याच्या छिद्रांतून सहज निसटे.

येथे विचाराची दिशा बदलावी लागली. २५ मार्च १९४८ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात फॉबुश आणि मिलर या दोन लष्करी हवामानतज्ज्ञांनी आपल्या विमानतळासाठी टॉर्नेडोचा इशारा दिला आणि तो खरा ठरला. खाली उष्ण व दमट हवा, वर कोरडी व थंड हवा आणि उंचीनुसार पालटणारे वारे, ही अनुकूल परिस्थिती त्यांनी हेरली होती. वीज नेमकी कोठे पडेल हे सांगता येत नसले, तरी धोका कोणत्या टापूत अधिक आहे हे सांगता येते. संपूर्ण खंडासाठी आज काढले जाणारे धोक्याचे नकाशे याच विचारावर उभे आहेत.

नकाशा मोठा असला तरी संकट स्थानिकच असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही. त्यानंतर मुंबईत डॉप्लर रडार आले. १९६२ साली पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विजांचा माग काढणारी संवेदकांची साखळी उभारली आणि ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील उपयोजन लोकांच्या हाती दिले. २० ते ४० किलोमीटरांच्या परिसरातील विजांची सूचना ते देते. हवामान खातेही पुढील तीन तासांपुरता तातडीचा इशारा देते.

तरीही आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने दगावतात. त्यांत शेतात राबणारी माणसे फार. ज्याच्या हाती नांगर आहे, त्याच्या हाती त्या क्षणी भ्रमणध्वनी असेलच असे नाही. पुण्याहून निघालेली वार्ता गावच्या वेशीपर्यंत येते; वेशीपासून बांधापर्यंतचे अंतर अद्याप माणसानेच तोडायचे आहे.

हे काम शाळा करू शकते. गडगडाट ऐकू येताच झाडाचा आडोसा सोडावा, पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, एवढा धडा प्रत्येक मुलाने घरी नेला, तरी दीडशे वर्षांच्या या शास्त्राचे फळ खेरडीच्या पदरी पडेल. माजी विद्यार्थ्यांनी हे कार्य आपले मानावे, अशी माझी नम्र विनंती आहे.