गवत बंदर, लकडी बंदर

मुंबईच्या हार्बर लाइनवर रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी ही स्टेशनं एकामागून एक येतात. पूर्वेला खाडीच्या बाजूला पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची जमीन आहे. फोनवर नकाशा मोठा करून बघा, रस्त्यांची नावं दिसतील: लकडी बंदर, कोल बंदर, हे बंदर. मराठीत वाचताना ‘हे बंदर म्हणजे कुठलं?’ असं विचारावंसं वाटतं. पण हा ‘हे’ इंग्रजीतला. सुकं गवत. म्हणजे गवत बंदर.

मी तलासरीचा. पोटासाठी कोड लिहितो. पण लाकूड आणि गवत हे दोन शब्द माझ्या तालुक्यात कुणालाही विचारा, बंदराच्या आधी मजुरी आठवेल.

आधी बंदराचं सांगतो. 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट झाला. 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक, 1888 मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि 1914 मध्ये अलेक्झांड्रा डॉक सुरू झाला. मागे गोदामांच्या रांगा, कापसाचे आणि धान्याचे डेपो. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटलं. पोटात दारूगोळा होता आणि कापसाच्या गासड्याही. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान होते. डॉक पुन्हा बांधले गेले. त्यांचा खरा शेवट कंटेनरनं केला. माल पोत्यांतून उतरवून गोदामात रचायची गरज संपली, जहाजं मोठी झाली, 1989 पासून पलीकडे न्हावाशेवाला नवं बंदर चालू झालं. पुढे प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया हे दोन्ही डॉक कंटेनर ठेवण्यासाठी भराव घालून बुजवले. पाणी होतं तिथे सपाट जमीन आहे.

आता गवताचं. 1874 मध्ये मुंबईत ट्राम आली ती घोड्यांची. व्हिक्टोरिया, बैलगाड्या, म्हशींचे तबेले, सगळ्यांना चारा लागायचा. आजच्या हिशेबात ते शहराचं पेट्रोल. ठाणे जिल्ह्यातलं गवत मुंबईला जायचं. डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या, आणि ज्यांच्या त्या होत्या ते वारली तिथेच वेठीवर राबत होते. गवत कापणारे तेच, जंगलात लाकूड तोडणारेही तेच.

23 मे 1945 ला तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली आणि वेठ नाकारायचं ठरलं. गवताचा हंगाम आला तेव्हा मागणी साधी होती: 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये. म्हणजे सव्वादोनशे किलोंहून जास्त गवत, विळ्यानं. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये या लढ्याची हकीकत लिहिली आहे.

डॉकमधला स्फोट आणि तलवाड्याचा गोळीबार यांत दीड वर्षाचं अंतर आहे. 14 एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, आणि ते योग्यच आहे. 10 ऑक्टोबरला हुतात्म्यांना लाल सलाम करायला माणसं जमतात ती आमच्या तालुक्यात.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा पुनर्विकास करायच्या योजना वर्षानुवर्षं चालू आहेत. जुनी गोदामं जपा, असं इतिहासप्रेमी म्हणतात. माझंही तेच म्हणणं आहे. पण दगड, कमानी आणि बांधणाऱ्या इंजिनिअरचं नाव एवढ्यावर पाटी संपली, तर गोदाम रिकामंच राहील. आत आलेला माल कुणी कापला, किती मजुरीवर, हेही त्या इमारतीचंच अंग आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. 30 ऑगस्ट 2024 ला डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे 76 हजार कोटी. किनाऱ्यावरचे मच्छीमार वर्षानुवर्षं विरोध करत आले आहेत. या वेळी बंदरच आमच्या दारात येतंय. त्याच्या हिशेबाच्या वहीत मालाच्या टनांशेजारी माणसांची नावं लिहायला अजून वेळ आहे. शिवडीच्या रस्त्याचं नाव वाचणाऱ्यालाही कळू दे, की ते गवत अडीच रुपये मागत होतं.