नेटवर्क फाइल सिस्टिम : डिरेक्टरीची ओळख आणि माउंटच्या आतले माउंट

एका यंत्राच्या डिस्कवरील फाइली दुसऱ्या यंत्रावर जणू तिथल्याच आहेत अशा वापरता याव्यात, यासाठी सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने १९८४ च्या सुमारास विकसित केलेली प्रणाली. संक्षेपाने एनएफएस. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे विवरण १९८९ मध्ये, तिसरीचे १९९५ मध्ये आणि चौथीचे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. चौथीत नंतर बरेच फेरफार झाले. सर्व्हरवरची डिरेक्टरी ‘तीच’ आहे हे क्लायंट कशावरून ठरवतो आणि एका फाइल सिस्टिमच्या पोटात दुसरी माउंट केलेली असेल तर त्या ओळखीचे काय होते, एवढाच भाग या नोंदीत घेतला आहे.

युनिक्स परंपरेत नाव ही डिरेक्टरीची ओळख नसते. नाव वरच्या डिरेक्टरीत नोंदलेले असते आणि ते केव्हाही बदलता येते. यंत्रापुरती खरी ओळख म्हणजे डिव्हाइस क्रमांक आणि इनोड क्रमांक यांची जोडी. एनएफएसमध्ये तिची जागा फाइल हँडल घेते. हे हँडल दुसऱ्या आवृत्तीत नेमके ३२ बाइटचे होते. तिसऱ्या आवृत्तीत ते ६४, तर चौथीत १२८ बाइटपर्यंत असू शकते. त्याच्या आत काय आहे हे क्लायंटने पाहायचे नसते. मिळाले तसे जपून ठेवायचे आणि पुढच्या विनंतीसोबत परत पाठवायचे. सर्व्हर त्यात बहुधा तीन गोष्टी भरतो : फाइल सिस्टिमची खूण, इनोड क्रमांक आणि पिढी क्रमांक. पिढी क्रमांक लागतो कारण पुसलेल्या फाइलचा इनोड पुढे दुसऱ्याच फाइलला दिला जातो. सातबाऱ्यावर गट क्रमांक तोच राहावा आणि मालक बदलावा, तसा हा प्रकार. पिढी जुळली नाही तर सर्व्हर ‘स्टेल फाइल हँडल’ ही त्रुटी परत करतो. सिस्टिम प्रशासकांना ती चांगलीच परिचयाची असते.

ओळखीचा सगळा मजकूर हँडलमध्येच असल्यामुळे पहिल्या आवृत्त्यांत सर्व्हरला क्लायंटची काहीच आठवण ठेवावी लागत नसे. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी जुनी हँडल चालत. अट एकच : फाइल सिस्टिमची खूण स्थिर हवी. ती डिव्हाइस क्रमांकावर बेतलेली असेल आणि रीबूटनंतर डिस्कचा क्रमांक बदलला, तर सगळीच हँडल एकदम शिळी होतात. म्हणून लिनक्समध्ये शक्य तिथे फाइल सिस्टिमचा यूयूआयडी वापरतात, किंवा निर्यात यादीत ‘एफएसआयडी’ हा पर्याय हाताने लिहितात.

माउंटच्या आतले माउंट ही इथली अवघड जागा. समजा, सर्व्हरवर ‘/डेटा’ एका डिस्कवर आहे आणि ‘/डेटा/प्रकल्प’ या डिरेक्टरीवर दुसरी डिस्क माउंट केली आहे. तिसऱ्या आवृत्तीच्या क्लायंटने ‘/डेटा’ माउंट केले तर ‘प्रकल्प’ सहसा रिकामी दिसते, कारण ती दुसऱ्या डिस्कखाली झाकली गेलेली आधीची डिरेक्टरी असते. माहिती गेली की काय, या धास्तीने नवखे प्रशासक बॅकअप शोधायला धावतात. वास्तविक लुकअपची, म्हणजे नावावरून हँडल शोधण्याची, विनंती सर्व्हरवरचा माउंट बिंदू ओलांडत नाही, एवढेच; आतली फाइल सिस्टिम क्लायंटने वेगळी माउंट करावी, अशी ही योजना आहे.

लिनक्स सर्व्हरवर ‘नोहाइड’ आणि ‘क्रॉसएमएनटी’ हे पर्याय देऊन तो बिंदू ओलांडू देता येतो. मात्र मग इनोड क्रमांकांची टक्कर होऊ शकते. ईएक्सटी४ फाइल सिस्टिमच्या मूळ डिरेक्टरीचा इनोड नेहमी २ असतो. त्यामुळे जो क्लायंट फाइल सिस्टिमची खूण बदलल्याकडे लक्ष देत नाही, त्याला ‘/डेटा’ आणि ‘/डेटा/प्रकल्प’ एकच वाटतात, आणि ‘फाइंड’सारखी साधने डिरेक्टऱ्यांचे चक्र सापडल्याची तक्रार करतात.

चौथ्या आवृत्तीने वेगळा माउंट प्रोटोकॉल काढून टाकला. सर्व निर्याती एका आभासी झाडात जोडल्या जातात आणि लुकअप थेट हद्द ओलांडतो. प्रत्येक वस्तूसोबत एफएसआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमची खूण, येतो. तो बदललेला दिसला की लिनक्सचा क्लायंट त्या ठिकाणी आपणहून नवे माउंट उभे करतो. वापर थांबला की मूळ ठरावाप्रमाणे ५०० सेकंदांनी ते उतरवण्याजोगे ठरते. माउंटची यादी कोणी हात न लावता लांबते-आखडते ती यामुळे. माउंट बिंदूला मुळात दोन ओळखी असतात : झाकलेल्या डिरेक्टरीची आणि वर बसलेल्या मूळ डिरेक्टरीची. दुसरी फाइलआयडीतून (एनएफएसमधल्या इनोड क्रमांकातून) कळते, तर पहिलीसाठी ‘माउंटेड ऑन फाइलआयडी’ हा स्वतंत्र गुणधर्म आहे. युनिक्समध्ये डिरेक्टरीची यादी वाचताना झाकलेलीचा क्रमांक मिळतो आणि चालू डिरेक्टरीचा मार्ग सांगणारे जुन्या घडणीचे ‘पीडब्ल्यूडी’ त्याच्याच आधारे वर चढत जाते. सारवासारव न करता दुहेरीपणा उघड मान्य करणारी ही तरतूद संपूर्ण विवरणातील सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल.

क्लायंटच्या कर्नलपुढे आणखी एक पेच असतो. लिनक्समध्ये एका डिरेक्टरीची स्मृतीत एकच जोडलेली नाव-नोंद राहू शकते. दुसऱ्या क्लायंटने डिरेक्टरी हलवली आणि आपल्याला ती नव्या जागी सापडली, तर कर्नल जुनी नोंद उचलून तिथे नेऊन जोडतो. पूर्वज डिरेक्टरी स्वतःच्याच वंशजाखाली सापडल्यासारखी दिसली, तर चक्र होऊ नये म्हणून तो लुकअपच नाकारतो. ज्या डिरेक्टरीवर स्थानिक माउंट आहे ती सर्व्हरवर पुसली गेली तर काय करायचे, हा प्रश्न बरीच वर्षे अडून होता. माउंटपायी मेलेली नोंदही जिवंत ठेवावी लागे. डिसेंबर २०१४ मधील ३.१८ या कर्नलपासून असे माउंट सरळ सुटे केले जाते.

लिनक्सच्या बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमने इनोड क्रमांकांच्या टकरीचा घोळ वेगळ्या वाटेने परत आणला. तिच्या प्रत्येक उपखंडाच्या मूळ डिरेक्टरीचा इनोड २५६ असतो. स्थानिक यंत्रावर उपखंडाचा डिव्हाइस क्रमांक वेगळा दिसतो, पण कर्नलच्या लेखी तिथे माउंट बिंदू नसतो. एनएफएसवरून निर्यात केल्यावर सगळे उपखंड एकाच एफएसआयडीखाली येतात. हँडल वेगवेगळी, पण फाइलआयडी सारखे! २०२१ मध्ये विकासक नील ब्राउन यांनी यावर सुचवलेल्या उपायांवरून लिनक्स कर्नल विकासकांत लांबलचक चर्चा झाली.

हेच प्रश्न इतर नेटवर्क फाइल प्रणालींनी वेगळ्या तऱ्हेने हाताळले आहेत. कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेल्या एएफएसमध्ये माउंट बिंदू सर्व्हरवरच्या व्हॉल्यूममध्येच नोंदलेला असतो, त्यामुळे झाड सर्व क्लायंटना सारखेच दिसते. ओळख व्हॉल्यूम, व्हीनोड आणि एकमेवतादर्शक अंक या तिघांवर ठरते. एक व्हॉल्यूम अनेक जागी जोडता येत असल्याने त्याची वरची डिरेक्टरी कोणती, याला मात्र एकच उत्तर उरत नाही. विंडोजच्या एसएमबीमध्ये व्यवहार मुख्यतः मार्गनामांवर चालतो. एसएमबीसाठीच्या लिनक्सच्या सीआयएफएस क्लायंटला सर्व्हरचे इनोड क्रमांक घ्यायचे की ‘नोसर्व्हरइनो’ पर्यायाने स्वतःचे तयार करायचे, हे प्रशासक ठरवू शकतो; एका शेअरखाली अनेक खंड जोडलेले असतील तर सर्व्हरचे क्रमांक एकमेकांशी जुळून जाण्याची शक्यता राहते.