सोळा आणे जमीन आणि बरड माळ : बरगंडी व नाशिक येथील द्राक्षभूमीचा तौलनिक विचार

प्रस्तावना

खानदेशात भरताचे वांगे घेताना ते कोणत्या गावचे, हे विचारण्याची रीत आहे. बामणोदचे किंवा आसोद्याचे असे उत्तर आले की भावाची निम्मी बोलणी तेथेच संपतात. येथे गिऱ्हाईक वाणाची चौकशी करीत नाही, गावाची करते. आणि गावाच्या नावामागे त्या शिवारातील माती व पाणी गृहीत धरलेले असते. २०१६-१७ मध्ये या वांग्यास भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा नोंद झाली ती मात्र ‘जळगाव भरीत वांगे’ अशी. त्याच सुमारास केळीलाही ‘जळगाव’ याच नावाने मानांकन मिळाले. वस्तुतः केळीची मुख्य भूमी म्हणजे रावेर-यावल या तालुक्यांतील तापीकाठचा पट्टा होय. लोकव्यवहारात गाव आणि कायद्याच्या नोंदीत जिल्हा, हा फरक वरवर किरकोळ वाटतो. परंतु शेतमालाच्या नावावर मालकी कोणाची, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. जगात या प्रश्नाची सर्वांत दीर्घ व सर्वांत चिवट चर्चा द्राक्ष आणि वाइन यांच्या संदर्भात झाली. प्रस्तुत लेखात फ्रान्समधील बरगंडी प्रांत आणि महाराष्ट्रातील नाशिक परिसर यांचा या दृष्टीने विचार केला आहे.

बरगंडी : उतारावरची प्रतवारी

दिजों शहराच्या दक्षिणेस सुमारे ५० ते ६० किलोमीटर लांबीची एक पूर्वाभिमुख टेकड्यांची रांग आहे. तिच्या उतारावर चुनखडी आणि चुनखडीमिश्रित चिकणमाती यांचे थर आलटून पालटून उघडे पडले आहेत. माथ्यावर माती अगदी पातळ, पायथ्याशी खोल व ओलसर आणि मध्यभागी मध्यम खोलीची, पाण्याचा निचरा होणारी, अशी ही रचना आहे. उत्तम वाइन या मधल्या पट्ट्यात होते. पायथ्याच्या सुपीक जमिनीत वेल जोमाने वाढतो, घड भरपूर लागतात, पण रस पातळ पडतो. म्हणजे धान्यासाठी जी जमीन चांगली, ती वाइनसाठी दुय्यम ठरते. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

या उतारावरील प्रत्येक तुकड्यास स्वतंत्र नाव आहे. अशा तुकड्यास तेथे ‘क्लिमा’ म्हणतात. २०१५ मध्ये युनेस्कोने या भूप्रदेशास जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा अशा १,२४७ तुकड्यांची गणना झाली होती. काही तुकडे दोन हेक्टरांहूनही लहान आहेत. ही नावे एकाएकी पडलेली नाहीत. १०९८ मध्ये स्थापन झालेल्या सितो येथील मठाच्या साधूंनी वूजो येथे सुमारे ५० हेक्टरांचा मळा भिंत घालून राखला व शतकानुशतके जोपासला. १३९५ मध्ये फिलिप या ड्यूकने गामे या भरघोस पिकणाऱ्या वाणावर आणि मळ्यात खत घालण्यावर बंदी आणणारा हुकूम काढला. उत्पन्न वाढविणाऱ्या गोष्टींना राजाज्ञेने मनाई होते, हे भारतीय शेतीच्या इतिहासकारास चमत्कारिक वाटेल. पण सत्ताधाऱ्याला येथे सारा वाढवायचा नव्हता, आपल्या प्रांताच्या वाइनचे नाव राखायचे होते.

फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या आणि वारसाहक्काच्या नव्या कायद्याने त्यांचे तुकडे पडत गेले. वूजोच्या त्या एका भिंतीआड आज ८० हून अधिक मालक आहेत. एकोणिसाव्या शतकात खरी सत्ता बोन शहरातील व्यापाऱ्यांकडे होती. ते शेतकऱ्यांकडून वाइन पिंपांनी घेत, मिसळत आणि बाजारात खपणाऱ्या नावाने विकत. गावांनीही या काळात आपल्या नावाची काळजी घेतलेली दिसते. १८४७ मध्ये जेव्रे या गावाने आपल्या सर्वांत प्रसिद्ध मळ्याचे नाव जोडून ‘जेव्रे-शांबेर्तां’ असे नाव धारण केले आणि पुढील दशकांत व्होन, शांबोल, प्युलिनी इत्यादी गावांनी त्याचे अनुकरण केले. १८५५ मध्ये डॉ. लाव्हाल यांनी मळ्यांची प्रतवारी प्रसिद्ध केली, तर १८६१ मध्ये बोन येथील कृषी समितीने मळ्यांचा नकाशाच तयार केला. १९०५ आणि १९१९ या वर्षांच्या कायद्यांनंतर खोट्या नावाने माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध शेतकऱ्यांनी न्यायालयीन लढे दिले. अखेरीस ३० जुलै १९३५ च्या आदेशाने मूळस्थानानुसार नामनियंत्रणाची राष्ट्रीय पद्धत स्थापन झाली. प्रदेश, गाव, प्रथम श्रेणीचा मळा आणि श्रेष्ठ मळा, अशी बरगंडीतील उतरंड आहे. श्रेष्ठ दर्जाच्या ३३ मळ्यांच्या बाटलीवर गावाचेही नाव नसते, मळ्याचे पुरते.

मातीने भेद निर्माण केला हे खरे; परंतु त्या भेदाला कायद्यात जागा मिळाली ती सत्ता, व्यापारी आणि शेतकरी यांच्या दीर्घ संघर्षातून. बरगंडीविषयीच्या भावुक लेखनात हा दुसरा भाग बहुधा गाळला जातो.

मुंबई इलाख्यातील प्रतबंदी

बोनची समिती मळ्यांचा नकाशा काढत होती, जवळजवळ त्याच काळात मुंबई इलाख्यातही जमिनीची सूक्ष्म प्रतवारी चालू होती. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिची पद्धत ठरवून दिली. जमिनीचे पोत व रंग यांवरून तीन वर्ग आणि खोलीवरून नऊ प्रती करण्यात आल्या. पावणेदोन हात खोलीची एकजिनसी काळी जमीन सोळा आणे धरण्यात आली; मुरमाड, भरड, उथळ जमिनीचे आणे उतरत उतरत तळाशी गेले. १८५२ मध्ये खानदेशात या मोजणीविरुद्ध यावल, सावदा, फैजपूर, एरंडोल येथे उठाव झाला. त्यामागे सारावाढीची भीती मुख्य होती. मोजणीदाराच्या साखळीचा अर्थ शेतकऱ्याने अचूक ओळखला होता, असे म्हणावे लागते.

बरगंडीतील आणि मुंबई इलाख्यातील या दोन प्रतवाऱ्या शेजारी ठेवून पाहिल्या असता हेतूंमधील अंतर स्पष्ट होते. तेथे माती मोजली गेली ती चवीसाठी आणि नावासाठी. येथे मोजली गेली ती साऱ्यासाठी. आणखी एक परिणाम झाला. मराठा काळातील थळझाड्यांमध्ये जमिनीचे तुकडे थळांच्या नावांनी ओळखले जात. मोजणीनंतर त्यांची जागा सर्व्हे नंबरने घेतली आणि १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्यानंतर गट क्रमांकाने. बरगंडीत तुकडे पडत गेले, पण नावे टिकली. येथे तुकडे जोडले गेले आणि नावे गेली. वयस्कर माणसांच्या बोलण्यात ती अजून ऐकू येतात, सातबाऱ्यावर नाहीत.

नाशिक परिसरातील द्राक्ष

दख्खनच्या पठारावर द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता याने दौलताबादच्या द्राक्ष-डाळिंबांचा उल्लेख करून ती वर्षातून दोनदा फळतात असे नोंदविले आहे. ही नोंद केवळ कुतूहलाची नाही. युरोपातील वेल हिवाळ्यात निद्रिस्त होतो. येथील उष्ण हवेत तो थांबतच नाही, म्हणून त्याला छाटणीने थांबवावे लागते. एप्रिलमधील खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरमधील गोडी छाटणी फळासाठी, अशी दोन छाटण्या व एक पीक यांची पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली. बरगंडीत ऋतू जे काम करतो, ते येथे बागायतदाराची कात्री करते.

आधुनिक काळात नाशिक जिल्ह्यातील द्राक्षशेतीचा आरंभ १९२५ मध्ये ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी केला, असे मानले जाते. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ स्थापन झाला. थॉमसन सीडलेस, त्यातून निवडलेला तासगावचा तास-ए-गणेश, सोलापूरकडील सोनाका हे वाण बागायतदारांच्या परस्पर देवघेवीतून पसरले. वाणांच्या नावात गाव आले, पण फळाच्या पेटीवर नाही, हे येथे नोंदवावेसे वाटते. पाण्याची बाजूही महत्त्वाची आहे. कादवेवरील पालखेड, उनंदेवरील ओझरखेड, कोळवणवरील वाघाड या धरणांनी दिंडोरी व निफाड तालुक्यांतील शिवारे बदलली. वाघाडच्या कालव्यावर ओझर येथे १९९० च्या दशकारंभी बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाण्यासाठी गावे एकत्र आली. मालाच्या नावासाठी तसे घडले नाही.

गावागावांतील भेद बागायतदारांना नक्कीच ठाऊक आहेत. निफाडच्या खोल काळ्या जमिनीत हिवाळ्यात पारा इतका उतरतो की घड वाचविण्यासाठी रात्री बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. गिरणेच्या वरच्या खोऱ्यात, बागलाणात, पावसाळ्याच्या तोंडावरच छाटणी करून पूर्वहंगामी द्राक्षे घेतात. पाऊस आला तर सारा डाव उधळतो, साधला तर भाव हाती लागतो. हे बागलाण १८६९ मध्ये नाशिक जिल्हा निर्माण होईपर्यंत खानदेशातच मोडत असे. भडगावच्या काठाने जाणारी गिरणा त्याच शिवारांतून येते, पण येथवर पोहोचेपर्यंत तिच्या काठी कापूस आणि केळीचे राज्य सुरू झालेले असते.

वाइन आणि बरड माळ

मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ मुळे वाइननिर्मितीस दीर्घकाळ वाव नव्हता. १९८० च्या दशकात नारायणगाव येथे आणि पिंपळगाव बसवंत येथे फेसाळत्या वाइनचे कारखाने निघाले. १९९७ मध्ये राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात सोव्हिन्यों ब्लां आणि शेनँ ब्लां या वाणांची लागवड केली आणि २००० मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून उत्पादन शुल्कात सवलत दिली. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरले.

लागवड जसजशी वाढली तसा मोजणीचा जुना हिशेब उलटा झाला. निफाडची सोळा आणे काळी जमीन पाणी धरून ठेवते. तीत वाइनचा वेल पानोऱ्यावर जातो. दिंडोरी आणि इगतपुरी तालुक्यांतील उंचवट्याच्या मुरमाड जमिनी, ज्यांना मोजणीदाराने तळाचे आणे दिले होते, त्या पाण्याचा निचरा करतात, वेलाला आवरतात आणि लहान मण्यांत रस घट्ट होऊ देतात. सांजेगाव, कावनई या इगतपुरी तालुक्यातील गावांत वाइनचे मळे गेले ते यामुळेच. शंभर वर्षे गवत आणि नागलीपुरता उपयोग असलेल्या बरड माळाला प्रथमच स्वतःचा गुण मिळाला. मात्र त्याचा लाभ कोणास झाला, हा प्रश्न वेगळा आहे.

येथे बरगंडीशी असलेला फरक निर्णायक ठरतो. वाइनची द्राक्षे पिकविणारा शेतकरी बहुतांशी कराराने बांधलेला होता. बाटलीवर नाव कंपनीचे आणि वाणाचे. गावाचे नाव असेलच तर कंपनीने निवडलेले. २००८ मध्ये जागतिक मंदी आली, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, पर्यटन व हॉटेल व्यवसाय थंडावला आणि वाइनची मागणी कोसळली. अनेक कारखान्यांनी ठरलेला माल उचलला नाही. वाइनची द्राक्षे आकाराने लहान, बियांची आणि जाड सालीची. ती पेटीत भरून खाण्यासाठी विकता येत नाहीत. त्यामुळे शेतकऱ्यासमोर दुसरे गिऱ्हाईकच नव्हते. पुढील हंगामांत अनेकांनी वेल तोडले किंवा त्यांवर खाण्याच्या वाणांची कलमे बांधली. बरगंडीतील शेतकऱ्यालाही १९३० च्या दशकात मंदीचा फटका बसला होता. तथापि, त्याच्या पिंपाला गावाचे नाव होते. व्यापारी फिरकला नाही तर तो स्वतः बाटली भरून त्या नावाने विकू शकत होता आणि काहींनी तसे केलेही. दिंडोरीच्या शेतकऱ्याजवळ गट क्रमांक आणि कराराचा कागद होता.

भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये संमत होऊन २००३ मध्ये अंमलात आला आणि २०१०-११ मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ तसेच ‘नाशिक द्राक्षे’ यांची नोंद झाली. ही नोंद उपयुक्त आहेच. परंतु इगतपुरीचा पावसाळी डोंगरउतार आणि निफाडची काळी सपाटी यांना ती एकाच नावाखाली आणते. बरगंडीच्या उतरंडीतील सर्वांत खालची, प्रदेशाची पायरी तेवढी येथे तयार झाली. गावाची आणि मळ्याची पायरी अद्याप मोकळी आहे. गावाच्या नावाने वाइन निघालीच नाही असे मात्र नाही. सुलाच्या एका शिराझचे नाव ‘दिंडोरी रिझर्व्ह’ असे आहे, तर दिंडोरी तालुक्यातील चारोसा या गावाच्या नावाने २०१३ मध्ये एक नाममुद्रा बाजारात आली. पुढे ती दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. त्या व्यवहारात कारखान्याबरोबर गावाचे नावही हस्तांतरित झाले. फ्रेंच कायद्यानुसार जेव्रे किंवा व्होन या नावांचा असा व्यवहार होऊच शकत नाही, कारण ती कोणा एकाची मालमत्ता नसून त्या हद्दीत विहित नियमांनी द्राक्ष पिकविणाऱ्या सर्वांची आहेत.