कंबरदुखी, अफू आणि अंथरूण : एका उपचाराचा इतिहास



मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. होडी समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडून येते, जाळ्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणले जातात, आणि मग दोन रांगांत उभी असलेली माणसे मागे रेलून, पाय वाळूत रोवून, एकेक पाऊल मागे सरकत ते जाळे ओढतात. यांत्रिक नौका आल्यापासून रापणी कमी झाल्या. तरी जेथे त्या उरल्या आहेत तेथे आजही सगळा भार माणसाच्या कंबरेवरच पडतो.

माझे एक मामा अशाच एका रापणीत होते. १९९० च्या सुमारास, मी प्राथमिक शाळेत असताना, एका सकाळी दोर ओढता ओढता त्यांच्या कंबरेत जी चमक आली ती त्यांना खालीच बसवून गेली. शेक झाला, पाला झाला, आणि शेवटी एका डॉक्टरांनी सांगितले, "तीन महिने अंथरुणातून उठायचे नाही." मामांनी एवढेच विचारले, "निजान रवलंय तर रापण कोण ओढतलो?" पण डॉक्टरांचा शब्द मोडायचा कसा? मामा झोपून राहिले. पायाला वजने लावली गेली, गोळ्या चालू झाल्या. रापणीत जो कामाला येतो त्याला वाटा. तेव्हा घरात येणारा पैसा थांबला. तीन महिन्यांनी मामा उठले ते भिंत धरून, पाय काडीसारखे झालेले, आणि दुखणे होते तसेच.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी शिकले ते सांगितले. परंतु इतिहासाचा मास्तर झाल्यावर माझ्या मनात प्रश्न आला की हे शिकवले कोणी, आणि कधीपासून? त्याच शोधाची हकिगत आज तुम्हाला सांगणार आहे.

प्रथम आपल्या गावातले उपचार पाहू. कोकणात अचानक पाठ धरली की म्हणतात, उसण भरली. पायाळू जन्मलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत तुम्ही ऐकली असेलच. याशिवाय गरम वाळूचा किंवा मिठाचा शेक, निरगुडीच्या पाल्याचे पाणी, उंडीच्या तेलाची मालिश. पायाळूच्या पायात काही दैवी शक्ती नसते, हे उघड आहे. मग गुण का येत असे? कारण असे की अचानक धरलेली पाठ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआपच बरीच सुटते. शेकाने स्नायू सैल होतात, आणि "आता बरे वाटेल" या धीराने माणूस उठून कामाला लागतो. आजीबाईच्या या उपचारात एक गोष्ट चांगली होती. तिने कोणाला तीन महिने निजवले नाही.

आता अफूकडे वळू. वेदना थांबवण्याचा माणसाला सापडलेला सर्वांत जुना जालीम उपाय म्हणजे अफू. आपल्याकडे शार्ङ्गधर संहितेसारख्या मध्ययुगीन ग्रंथात तिचा उल्लेख अहिफेन या नावाने येतो. पुढे शिंदे-होळकरांच्या माळव्यात अफूचे मोठे पीक निघू लागले, आणि एकोणिसाव्या शतकात ती माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाऊ लागली. मुंबईच्या व्यापाराची भरभराट ज्या मालावर झाली त्यात कापसाबरोबर अफूही होती, हे विसरून चालणार नाही.

अफू केवळ चीनलाच गेली असेही नव्हे. ती आपल्या घरातही शिरली. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा १९८१ साली झाला. मुंबईच्या गिरण्यांत या रत्नागिरी जिल्ह्यातील माणसांचा भरणा फार मोठा. दहा-दहा तास साच्यापुढे उभे राहून पाठीचा काटा ढिला होई. आणि गिरणीत जाणारी आई पाठीमागे मूल रडू नये म्हणून त्याला बाळगोळी देई. त्या गोळीत अफू असे. या चालीची चर्चा १९२० नंतरच्या दशकात सरकारी अहवालांतही झाली. आईला निर्दय म्हणू नका. भाकरी मिळवायची तर मूल निजलेच पाहिजे, अशी तिची कोंडी होती. अफूचा इतिहास पाहिला तर असेच दिसते. जेथे माणसाला थांबायला सवड नाही आणि मदतीला कोणी नाही, तेथे गोळी येते.

पश्चिमेतही हाच खेळ चालला होता. १८०५ च्या सुमारास सेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधकाराने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. १८५३ च्या सुमारास टोचण्याची पिचकारी निघाली. १८९८ साली बायर कंपनीने हेरॉइन बाजारात आणले, तेही खोकल्याचे औषध म्हणून! प्रत्येक वेळी सांगितले गेले की या नव्या औषधाची पूर्वीसारखी भीती नाही, आणि प्रत्येक वेळी ते खोटे ठरले.

अफूच्या जोडीला आले अंथरूण. १८६३ साली इंग्लंडातील शल्यवैद्य जॉन हिल्टन यांनी 'विश्रांती आणि वेदना' या विषयावरची आपली व्याख्याने पुस्तकरूपाने काढली. विश्रांती हाच निसर्गाचा उपचार, असा त्यांचा सिद्धान्त. मोडलेल्या हाडाला तो लागू पडतो, म्हणून तो पाठीलाही लावला गेला. पुढे १९३४ साली अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या दोघा डॉक्टरांनी दाखवून दिले की मणक्यांमधली चकती फुटून शिरेवर दाब आल्याने पायात कळ जाते. शोध खरा होता. परंतु त्यानंतर प्रत्येक कंबरदुखीत लोकांना चकतीच दिसू लागली, आणि चकती जागेवर बसावी म्हणून रोग्याला पलंगावर निजवण्याचा प्रघात पडला. माझ्या मामांना मिळालेला सल्ला एवढ्या दूरवरून चालत आलेला होता.

गंमत अशी की त्याच काळात दुसरा एक प्रवाह उलट दिशेने वाहत होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलातील डॉ. हॉवर्ड रस्क यांनी पाहिले की पलंगावर पडून राहिलेल्या सैनिकांपेक्षा हालचाल आणि काम दिलेले सैनिक लवकर उभे राहतात. यातूनच पुनर्वसनाचे शास्त्र वाढले. औषध देऊन थांबायचे नाही, तर माणसाला त्याच्या कामावर आणि घरात परत पोहोचवायचे, असे हे शास्त्र सांगते.

हे शास्त्र भारतात आले ते मुंबईच्या वाटेने. १९४९ च्या सुमारास मुंबईत पोलिओची साथ आली. लुळी पडलेली मुले उभी करणार कोण? तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५३ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली. परळ म्हणजे गिरणगाव. आपल्या चाकरमान्यांचीच वस्ती. पाठोपाठ १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली. ज्या शहरातून अफूच्या पेट्या बोटीवर चढल्या, त्याच शहरात गोळीवाचून माणूस उभा करण्याची विद्या शिकवली जाऊ लागली.

आपल्याकडे याला एक देशी जोडही होती. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणे लावून तपासण्यास आरंभ केला. पुढे पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांची पद्धती परदेशी गेली. त्या परंपरेतील एका शिक्षिकेने आखलेला बारा आठवड्यांचा वर्ग इंग्लंडात यॉर्कच्या संशोधकांनी ३१३ कंबरदुखीच्या रोग्यांच्या पाहणीत तपासला. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वर्गाला गेलेल्यांना वाकणे, उठणे, चालणे अधिक सुकर झाले. वेदना मंत्राने जावी तशी गेली नाही. पण माणसे हिंडूफिरू लागली.

अंथरुणाची परीक्षा १९९५ साली फिनलंडात झाली. हेलसिंकी शहराच्या १८६ नोकरांची पाठ धरली असता काहींना दोन दिवस निजवले, काहींना व्यायाम दिला, आणि काहींना सांगितले, झेपेल तेवढे रोजचे काम चालू ठेवा. सर्वांत लवकर बरे झाले ते रोजचे काम करणारे, आणि सर्वांत मागे राहिले ते निजलेले! मामांना झोपवल्यानंतर पाच वर्षांनी हे सिद्ध झाले.

पण त्याच सुमारास अमेरिकेत जुनी चूक नव्या वेष्टनात आली. १९९६ साली परड्यू या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची अफूवर्गीय गोळी बाजारात आणली. हिची सवय क्वचितच लागते, असा प्रचार झाला आणि ती कंबरदुखीसाठीही सर्रास दिली गेली. २००७ साली आणि पुन्हा २०२० साली कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. परंतु तोवर लाखो घरांत व्यसन शिरले होते. गोळ्या आवळल्या तशी व्यसनी माणसे हेरॉइनकडे आणि मग चोरट्या फेंटानिलकडे वळली. २०२२ या एका वर्षात त्या देशात अफूवर्गीय पदार्थांच्या अतिसेवनाने ८० हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतली बहुतेक फेंटानिलने.

निदान वेदना तरी गेली का? २०१८ साली अमेरिकेतील २४० निवृत्त सैनिकांवरील वर्षभराची पाहणी प्रसिद्ध झाली. पाठ, गुडघे आणि खुबा यांच्या जुनाट दुखण्यात अफूवर्गीय औषधे साध्या औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत. २०२३ साली ऑस्ट्रेलियात नव्याने धरलेल्या पाठीवर हीच तपासणी झाली. तेथे तर ही गोळी आणि औषध नसलेली नुसती गोळी यांत फरकच दिसला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचे झाले; आमचा काय संबंध? संबंध आहे. ट्रॅमाडॉल हे अफूसारखे काम करणारे औषध आपल्या देशात इतके सैल विकले जाई की २०१८ साली सरकारला ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले. तेव्हा दुकानात जाऊन "एक भारी गोळी द्या" म्हणण्यापूर्वी विचार करावा. मात्र एक गैरसमज नको. कर्करोगाच्या असह्य वेदनेत मॉर्फिन हे वरदानच आहे. १९८५ च्या कडक कायद्याने ते गरजूंनाही दुर्मिळ झाले होते, म्हणून २०१४ साली त्यात सुधारणा करावी लागली. औषध वाईट नाही. ते कोठे द्यायचे याचा विवेक हवा.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, इतके हे दुखणे मोठे आहे. संघटना सांगते की रोग्याला दुखण्याची नीट माहिती द्या, व्यायाम द्या, मालिशसारखे उपचार करा, मनाची भीती घालवा, आणि लागलेच तर साधी सूज उतरवणारी औषधे द्या. नेहमीसाठी नको म्हणून सांगितलेल्या गोष्टींत अफूवर्गीय औषधे तर आहेतच, शिवाय कंबरेचा पट्टा आहे आणि वजने लावून ताणणेही आहे. साध्या गोळ्याही जपूनच घ्याव्यात. पोट आणि मूत्रपिंड त्यांचा हिशेब ठेवतात.

परंतु काही खुणा दिसल्या तर शेक-मालिश करत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. पायातली शक्ती जाऊ लागली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसण्याची जागा बधिर झाली, ताप आला, वजन उतरू लागले, झाडावरून वा उंचावरून पडल्यावर पाठ धरली, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असला, तर एक दिवसही दवडू नये.

शिक्षक मंडळींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २००० सालापासून स्कॉटलंडमध्ये रेडिओवरून "पाठ दुखली तरी हिंडते राहा" असा प्रचार केला गेला. लोकांची समजूत पालटली, पण कामावरच्या रजा काही कमी झाल्या नाहीत. म्हणजे आकाशवाणीवरचा शब्द अर्धेच काम करतो. उरलेले काम शेजारच्या माणसाला करावे लागते.

माझ्या मामांचे तेच झाले. ते भिंत धरून बसले असता रापणीतले एक वृद्ध तांडेल घरी आले आणि म्हणाले, "ओढू नको, पण दोर गुंडाळूक ये." मामा गेले. पहिल्या दिवशी एक दोर गुंडाळला आणि परत आले. आठवड्याने दोन. मग टोपल्या उचलायला हात लावू लागले, आणि पावसाळ्यानंतर रांगेच्या शेवटी उभे राहिले. पहिल्या दिवसापासून त्या तांडेलांनी त्यांचा अर्धा वाटा घरी पोहोचवला होता. पुनर्वसनाच्या पुस्तकात जे सोपानक्रमाने लिहिलेले असते, ते त्या निरक्षर माणसाला ठाऊक होते.

तुमच्या वाडीत कोणाची कंबर धरलेली असेल, तर आज संध्याकाळी त्याच्याकडे जा. गोळीचे नाव सांगू नका. त्याला अंगणाच्या पायरीपर्यंत चालवा, आणि उद्या बेड्यापर्यंत.