जंजिरा

बेलापूरच्या खाडीकाठी, ज्याच्या इतिहासात सिद्द्यांचे नाव येते त्या किल्ल्याचे भग्नावशेष नव्या मुंबईच्या काचेच्या इमारतींकडे पाहत उभे आहेत. तेथून दक्षिणेस, मुरूडसमोरच्या समुद्रात, याच आफ्रिकी वंशाच्या सिद्द्यांनी जे संस्थान 1948 साली विलीन होईपर्यंत राखले, त्याचे नाव ऐकताच आपणांस साखळीची, म्हणजे फारसी जंजिरीची, आठवण व्हावी हे स्वाभाविक असले, तरी ती व्युत्पत्ती फसवी आहे. मूळ शब्द अरबी ‘जझीरा’, म्हणजे बेट; अल्जीरिया आणि स्पेनमधील अल्जेसिरास हे त्याचेच दूरचे सोयरे. मराठ्यांच्या दप्तरांत तर हा शब्द सामान्यनामासारखाच वावरतो: ‘जंजिरे सुवर्णदुर्ग’, ‘जंजिरे विजयदुर्ग’. म्हणजे शत्रूच्या दुर्गाचे म्हणून आज प्रसिद्ध असलेले नाव आपल्या कारकुनांनी आपल्याच जलदुर्गांना निःसंकोच बहाल केले होते! ‘सिद्दी’ हा शब्दही अरबीच; ‘सय्यिदी’, म्हणजे ‘माझे स्वामी’. त्यांच्या मुलखास मात्र कागदोपत्री हबसाण म्हणत, कारण हबश म्हणजे अबिसीनिया. सुरतेजवळ सचीन येथे 1791 साली याच घराण्याच्या शाखेने दुसरे संस्थान मांडले. त्याभोवती मात्र समुद्र नव्हता.