मुंबई स्पेशल : सुट्या भागांनी घडलेल्या घड्याळाची कुळकथा

जुनी यांत्रिक घड्याळे जमवणाऱ्या परदेशी मंडळींमध्ये ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द रूढ आहे. तो कौतुकाने वापरला जात नाही. एका कंपनीची केस, दुसरीचे मशीन, तिसरीचे काटे आणि वर नव्याने रंगवलेली चकचकीत तबकडी, अशी मोट बांधून भारतातून विकायला येणारे घड्याळ म्हणजे मुंबई स्पेशल. ते दिसले की जाणकार नाक मुरडतात. त्यांचे फारसे चुकते असे नाही, कारण अशी बरीच घड्याळे अस्सल म्हणून खपवली जातात. पण हाच शिक्का ते आपल्या कपाटात पडलेल्या आजोबांच्या घड्याळावरही मारतात, तेव्हा मात्र थोडे थांबून विचार करावासा वाटतो.

बीड जिल्ह्यात अंबाजोगाई, परळी, गेवराई, माजलगाव अशा गावांतून गेली काही वर्षे मी जुनी घड्याळे आणि ती उघडणारे कारागीर यांच्या मागे फिरतो आहे. मी घड्याळजी नाही आणि इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. पण झाकणे उघडून पाहता पाहता माझे एक मत बनत गेले. भाग बदललेले घड्याळ हा टंचाईच्या काळाचा दस्तऐवज असतो. त्याला दस्तऐवज म्हणायचे की लबाडी, हे आतल्या भागांवरून ठरत नाही. विकणारा काय सांगतो आणि काय दडवतो, यावरून ते ठरते.

समुद्राचे नाव, कोरडा मुलूख

स्विस घड्याळ आपल्याकडे आले ते मुंबईच्या वाटेने. फाव्र-ल्युबा ही कंपनी आपले मूळ १७३७ सालापर्यंत नेते. १८६५ मध्ये तिने भारतात पाय रोवला. आपल्याकडच्या तोंडी तिचे ‘फेवरलुबा’ झाले. १८८६ मध्ये मुंबईत वेस्ट एंड वॉच कंपनी सुरू झाली. तिच्या गाजलेल्या घड्याळाचे नाव होते ‘सोवार’, म्हणजे आपला घोडेस्वार. नाव लंडनच्या पेठेचे, कारागिरी स्वित्झर्लंडची आणि गिऱ्हाईक हिंदुस्थानी, असा तो मामला होता.

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. इंग्रजी अमलातील नगर जिल्हा ओलांडला की हैदराबाद संस्थानाची हद्द लागे आणि मालाला करोडगिरी, म्हणजे जकात भरावी लागे. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि मुंबईची बाजारपेठ राज्यकारभाराच्या अर्थानेही आपली झाली.

त्या काळातल्या घड्याळांची नावे पाहिली की गंमत वाटते. ‘सी चीफ’ आणि ‘सी किंग’ ही फाव्र-ल्युबाची घड्याळे भारतात अमाप खपली. दुष्काळी मुलखातल्या शिक्षकाच्या, तलाठ्याच्या मनगटावर समुद्राचा राजा बसला. नावात समुद्र असला तरी ही पाणबुड्यांची घड्याळे नव्हती. पाणबुड्याचे खरे घड्याळ म्हणजे १९५३ च्या सुमारास आलेली ब्लांपँची ‘फिफ्टी फॅदम्स’ आणि रोलेक्सची ‘सबमरीनर’. पाणी आत शिरू नये म्हणून स्क्रूसारखी आवळून बसणारी चावी, सांध्यांत रबरी कडी, अंधारात दिसतील असे जाड काटे आणि बाहेर फिरती कड. पाणबुड्या उडी मारताना त्या कडेवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणतो आणि पाण्याखाली किती वेळ गेला हे एका नजरेत वाचतो. फाव्र-ल्युबानेही १९६४ मध्ये ‘डीप ब्लू’ आणि १९६८ मध्ये पाण्याची खोली दाखवणारे ‘बाथी’ काढले. पण ती मोजक्यांची घड्याळे. आपल्याकडे ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाचा अर्थ घाम, धूळ आणि आभाळ फाटलेच तर पावसाच्या सरी, एवढाच. विहिरीत सूर मारणारी पोरेसुद्धा घड्याळ आधी थारोळ्यावर काढून ठेवत.

१९६१ साल आणि कलम १२३

परकीय चलनाच्या तुटवड्यामुळे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस सरकारने आयातीच्या नाड्या आवळल्या. १९६१ मध्ये बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘जवान’ ही नावे घरोघर पोचली. योगायोग असा की हुंडा प्रतिबंधक कायदाही त्याच १९६१ सालचा. कायदा कागदावर राहिला. नवरदेवाची घड्याळ, सायकल, रेडिओ ही मागणी मात्र पुढची कितीतरी वर्षे लग्नाच्या बैठकीत उघडपणे मांडली जात होती. एचएमटीला नंबर लावावा लागे, आणि स्विस घड्याळ हवे असेल तर मुंबईच्या चोरबाजाराकडे डोळे लागत.

तस्करीत घड्याळाचे स्थान काय होते, हे कायद्याच्या भाषेतच दिसते. सीमाशुल्क कायदा १९६२, कलम १२३. तस्करीचा माल म्हणून वस्तू जप्त झाली, तर ती तस्करीची नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ती सापडली त्याच्यावर. साधारणपणे गुन्हा शाबीत करायचा तो सरकारने. इथे उलटे ओझे आहे. हे कलम कोणत्या मालाला लागू, तर सोने आणि घड्याळे यांची त्यात नावे घेतली आहेत. सोन्याच्या पंगतीला घड्याळ बसले होते!

याचा परिणाम तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. पावती नाही, गॅरंटीचे कार्ड नाही, अशा घड्याळाचा मालक कंपनीच्या अधिकृत दुकानाची पायरी कशाला चढेल? अस्सल सुटा भाग आयात होऊन गेवराईला पोचण्याची शक्यताही नव्हती. म्हणून घड्याळ बंद पडले की ते बसस्टँडजवळच्या काचेच्या पेटीमागे बसलेल्या, डोळ्याला भिंग लावलेल्या माणसाकडे जाई. त्याच्याकडे डब्यांत जपलेली मेलेली घड्याळे असत. तीच त्याची गोदामे.

मशीन एक, नावे छत्तीस

अशी अदलाबदल मुळात शक्य का होती? कारण स्विस उद्योगाची घडणच तशी होती. तबकडीवर नाव कोणाचेही असले तरी आतले कच्चे मशीन बहुतेक कंपन्या बाहेरून घेत. ग्रेनखेन गावची ए. शिल्ड, तशीच एफएचएफ, पुढे एटा, अशा मोजक्या कारखान्यांची मशीने कितीतरी कंपन्यांच्या नावांखाली टिकटिकत. त्यामुळे एका घड्याळाचा बॅलन्स दुसऱ्यात चपखल बसे. ज्यांना मुंबई स्पेशल भेसळ वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे, की अस्सल स्विस घड्याळही मुळात चार कारखान्यांचा मेळ होता. फरक इतकाच की तो मेळ कंपनीच्या छताखाली बसवला जाई.

अडचण येई ती कंपनीच्या स्वतःच्या खास मशीनची. त्याचा भाग दुसरीकडे मिळत नसे. मग अख्खे मशीनच बदलायचे, आणि हाताशी मुबलक काय, तर एचएमटी. पण फेवरलुबाच्या केसमध्ये एचएमटीचे मशीन बसवणे म्हणजे डब्यात डबा ठेवणे नव्हे. तबकडीच्या मागे दोन बारीक पाय असतात आणि ते मशीनच्या ठरलेल्या छिद्रांत बसतात. मशीन बदलले की छिद्रांची जागा बदलते, म्हणून पाय कापावे लागतात आणि तबकडी चिकटवावी लागते. केस मोठी पडली तर मशीनभोवती पितळी कडे घालायचे. चावीची दांडी लांबीला कापायची. ती दांडी केसच्या छिद्राशी एका पातळीत आली नाही, तर चावी तिरकी बसते आणि चार महिन्यांत दांडी मोडते. काट्याचे भोक सैल असेल तर हलक्या ठोक्याने आवळायचे, घट्ट असेल तर कोरून वाढवायचे. केसाएवढ्या फरकाचे हे काम एका साध्या दिव्याखाली होई.

अंबाजोगाईच्या एका कुटुंबातले लग्नात मिळालेले घड्याळ मी असे उघडलेले पाहिले. तबकडीवर फाव्र-ल्युबा, आत एचएमटी, चावी तिसऱ्याच कोणाची. पण माझी नजर खिळली ती मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूवर. तिथे सुईने कोरलेल्या बारीक खुणा होत्या, काही आकडे, काही अक्षरे. जगभरचे घड्याळजी दुरुस्ती केली की झाकणाच्या आत अशी खूण करतात, म्हणजे तेच घड्याळ पुन्हा आले तर आपले काम ओळखता येते. या खुणा वेगवेगळ्या हातांच्या होत्या. प्रत्येक वेळी कोणीतरी पैसे मोजून हे घड्याळ जिवंत ठेवले होते. ज्या कारागिरांचे नाव कुठल्याही गॅझेटियरमध्ये येणार नाही, त्यांची ही नोंदवही आहे. संग्राहकाच्या हिशेबी या घड्याळाची किंमत शून्य. माझ्या लेखी त्या घराच्या चाळीस-पन्नास वर्षांचा तो जमाखर्च आहे.

तेच काम, नवा शब्द

आता गंमत पाहा. जे काम केल्याबद्दल आपल्या कारागिरावर ठपका येतो, तेच काम आज जगभर हौसेने चालते आणि त्याला ‘मॉडिंग’ म्हणतात. सेइकोचे १९९६ सालचे एसकेएक्स००७ हे २०० मीटरपर्यंतचे पाणबुड्यांचे घड्याळ या हौशी लोकांचे लाडके. त्याचे मूळ मशीन चावी देऊन भरता येत नाही आणि वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नाही. म्हणून त्याच घराण्यातले एनएच३५ बसवायचे, दोन्ही सोयी मिळतात. मग साध्या काचेऐवजी नीलमणी काच, नवी कड, नवे काटे. मराठवाड्यातून पुण्यात नोकरीला गेलेली तरुण मुलेही असे भाग मागवून टेबलावर घड्याळ उघडतात. त्यांना एकच सांगणे : काच किंवा चावी बदलल्यावर दाबाची चाचणी झाल्याशिवाय ते घड्याळ पाण्यात नेऊ नये. रबरी कडी जराशी दुमडली तरी २०० मीटर हा आकडा तबकडीवरच राहतो.

महागड्या घड्याळांबाबत हा वाद न्यायालयात गेला आहे. जिनिव्हातील एक कार्यशाळा गिऱ्हाइकांच्या रोलेक्स घड्याळांचे भाग बदलून देत असे. रोलेक्सने दावा लावला. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या जानेवारीत असा दंडक घातला की मालकाने स्वतःच्या वापरासाठी आपले घड्याळ बदलून घेतले तर ते चालेल. पण बदललेली घड्याळे मूळ कंपनीच्या नावाने बाजारात विकायला काढणे वेगळे. अमेरिकेत व्हॉर्टिक नावाची छोटी कंपनी हॅमिल्टनच्या जुन्या खिशातल्या घड्याळांची मशीने घेऊन मनगटी घड्याळे करते. तिथल्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये तिच्या बाजूने कौल दिला. मूळ काय आणि आपण केलेले काय, हे ती गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते, ही बाब त्या निकालात मोलाची ठरली.

म्हणजे स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतली न्यायालये ज्या रेषेपाशी येऊन थांबली, ती रेषा बसस्टँडजवळच्या प्रामाणिक कारागिराला पूर्वीपासून ठाऊक होती. ‘मशीन एचएमटीचं टाकलंय, चालेल ना?’ एवढे विचारून तो काम करी. लबाडी सुरू होते ती नंतर. हेच घड्याळ भंगाराच्या भावात घेऊन, तबकडीला भडक निळा रंग देऊन, ‘सत्तर सालचे अस्सल’ म्हणून विकणाऱ्यापासून. त्या लबाडीची बदनामी मात्र मुंबईच्या आणि पर्यायाने आपल्या सगळ्या कारागिरांच्या माथी बसली.

एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. फाव्र-ल्युबा हे नावच २०११ मध्ये टायटनने विकत घेतले होते. ज्या नावाच्या घड्याळात आपण देशी मशीन घालत होतो, ते नावच काही काळ देशी झाले! यांत्रिक घड्याळ उघडणारे हात मात्र तालुक्याच्या गावांत दिवसेंदिवस कमी होत आहेत. बहुतेक पेट्यांवर आता सेल बदलणे आणि पट्टा लावणे एवढेच उरले आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती करतो. घरात जुने घड्याळ असेल तर तबकडी नव्याने रंगवू नका आणि झाकण आतून घासून चकचकीत करू नका. एखाद्या जाणत्या कारागिराकडून ते उघडून घ्या, झाकणाच्या आतल्या खुणांचा फोटो काढा, कोणता भाग कोणाचा आहे ते एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी घड्याळासोबत ठेवा. विकायचे झाले तरी चिठ्ठीसकट विका. त्या चिठ्ठीमुळे घड्याळ अस्सल स्विस होणार नाही, पण ते खोटेही राहणार नाही.