विजेचे मनोरे : एक उपेक्षित साधन

इतिहासाचें साधन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें दफ्तराचा रुमाल, ताम्रपट, शिलालेख, नाणें किंवा एखाद्या गढीचा पडका बुरूज येतो. शेतांतून ओळीनें उभे असलेले विजेचे लोखंडी मनोरे या पंक्तींत बसवावेत असें कोणी म्हटल्यास पुष्कळांस ती थट्टा वाटेल. परंतु इंग्लंडांत या मनोऱ्यांचे रसिक निर्माण झाले असून ते त्यांचीं छायाचित्रें घेतात, टिपणें करतात व जातवार याद्या लावतात. 'पायलन अ‍ॅप्रिसिएशन सोसायटी' या नांवाची एक मंडळीही तेथें निघाली. हा नाद पोरकट आहे असें आम्हांस वाटत नाहीं. त्याची पद्धत संशोधकाच्या पद्धतीस पुष्कळच जवळची आहे, व ती आपल्याकडेंही उपयोगी पडणारी आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. अभियंते या वास्तूस नुसतें 'टॉवर' म्हणतात. 'पायलन' हें नांव लोकांनीं रूढ केलें. मूळ शब्द ग्रीक असून तो वेशीच्या किंवा देवळाच्या महाद्वाराचा वाचक आहे. ईजिप्तमध्यें एड्फू, कर्नाक वगैरे ठिकाणच्या देवळांपुढें वर निमुळते होत गेलेले दोन भव्य बुरूज व त्यांमधून वाट अशी जी रचना दिसते, तिला पुराणवस्तुशास्त्रज्ञ हेंच नांव देतात. आपल्या गोपुराशीं तिची तुलना करतां येईल. सारांश, अगदीं नवीन वस्तूस लोकांनीं नांव दिलें तें अत्यंत प्राचीन वास्तूचें.

इ. स. १९२६ पूर्वीं ग्रेट ब्रिटनमध्यें वीज तयार करण्याचें काम शेंकडों लहानमोठ्या कंपन्या व नगरसंस्था करीत, आणि एकीची व्यवस्था दुसरीशीं जुळत नसे. त्या सालच्या कायद्यानें 'सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्ड' स्थापन झालें व निवडक वीजगृहें १,३२,००० व्होल्ट दाबाच्या तारांनीं जोडण्याचें काम त्याजकडे आलें. मनोऱ्याचा नमुना मिलिकेन ब्रदर्स या अमेरिकन कंपनीचा होता; त्याच्या रूपाविषयीं सल्ला देण्यास सर रेजिनाल्ड ब्लॉमफील्ड या वास्तुशिल्पज्ञास नेमिलें होतें. हे गृहस्थ जुन्या परंपरेचे कट्टे अभिमानी. ईप्र येथील १९२७ सालची मेनिन गेट ही युद्धस्मारक कमान त्यांचीच कृति, व आधुनिक वास्तुकलेवर कडक टीका करणारा 'मॉडर्निस्मुस' हा १९३४ सालचा ग्रंथही त्यांचाच. म्हणजे यंत्रयुगाचें निशाण म्हणून जें रूप पुढें गाजलें, त्यास मान्यता देणारा मनुष्य स्वतः नवमताचा विरोधक होता. पहिला मनोरा १४ जुलै १९२८ रोजीं स्कॉटलंडांत फॉल्किर्कनजीक उभा राहिला, व १९३३ च्या सप्टेंबरांत न्यू फॉरेस्टमध्यें शेवटचा मनोरा उभारून पहिला संकल्प पुरा झाला. एवढ्या अवधींत सुमारे २६,००० मनोरे व ४,००० मैल तारा झाल्या.

हें काम बिनविरोध झालें नाहीं. ससेक्समधील साऊथ डाऊन्स या टेंकड्यांवरून तारा जाणार असें कळतांच १९२९ मध्यें 'टाइम्स' पत्रांत निषेधाचें पत्र आलें. त्यावर केन्स, बेलॉक व किपलिंग यांच्या सह्या होत्या. मुंबईंत जन्मलेल्या या किपलिंगनें १९०२ मध्यें ससेक्समध्यें 'बेटमन्स' हें घर विकत घेतलें, आणि तेथील ओढ्यावरच्या जुन्या पाणचक्कीस टर्बाइन जोडून घरांत विजेचे दिवे लाविले. तेव्हां सही करणारे सर्व विजेचेच वैरी होते, असें केवळ त्या पत्रावरून अनुमान काढणारा फसेल. वाद विजेविषयीं नव्हता, तारांच्या वाटेविषयीं होता. पुढें चारच वर्षांनीं, १९३३ मध्यें, स्टीफन स्पेंडर यांची 'द पायलन्स' ही कविता प्रसिद्ध झाली, व ऑडेन, डे लुईस आदि तिच्या पिढीच्या कवींस 'पायलन कवि' हें टोपणनांव मिळालें. एका पिढीस जें विद्रूप वाटलें तें दुसरीच्या काव्याचा विषय झालें, व तिसरीनें त्याच्या याद्या करावयास घेतल्या. पुराणवस्तूंच्या इतिहासांत हा क्रम आपल्या परिचयाचा आहे.

आतां या रसिकांच्या वाचनपद्धतीकडे वळूं. कागद, वळण व शिक्का पाहून आपण पत्राचा काळ ठरवितों, तसा ते मनोऱ्याचा ठरवितात. मनोऱ्याच्या दोन्ही अंगांस तीन तीन आडवे हात असले तर तो दोन स्वतंत्र वाहिन्या नेतो, व अगदीं शेंड्यावरची एकटी तार वीज पडण्यापासून संरक्षणार्थ असते. काचेच्या किंवा चिनी मातीच्या चकत्यांची माळ खालीं सरळ लोंबत असल्यास मनोरा सरळ वाटेवरचा, व ती आडवी ताणलेली असल्यास वळणावरचा किंवा शेवटचा समजावा. चकत्या जों जों अधिक, तों तों दाब अधिक. तारेवर जीं डंबेलच्या आकाराचीं लहान वजनें दिसतात, तीं वाऱ्यानें होणारें कंपन शोषण्यासाठीं असून तीं शोधून काढणाऱ्या स्टॉकब्रिज या अमेरिकन अभियंत्याच्या नांवानें ओळखिलीं जातात. मूळ १९२८ ची जात 'पीएल १'; पुढें १९५० नंतरच्या दशकांत 'एल २' व १९६० नंतरच्या दशकांत चार लक्ष व्होल्टांकरितां 'एल ६' अशा जाती आल्या. प्रत्येक मनोऱ्यावर मार्गाचीं अक्षरें व अनुक्रमांक यांची पाटी असते. तिचें काम पोथीच्या पत्रांकासारखें आहे. एका ओळींत मध्येंच निराळ्या जातीचा मनोरा आढळला, तर तो मागाहून घातलेल्या पत्राप्रमाणें समजून त्याचें कारण शोधावयाचें.

या नोंदींची निकड कां, हेंही पाहिलें पाहिजे. रशियांत ओका नदीवर व्लादीमिर शूखॉव या अभियंत्यानें १९२९ मध्यें जाळीदार विणीचे, १२८ मीटर उंचीचे दोन अप्रतिम मनोरे उभारिले होते. त्यांतील एक २००५ मध्यें लोखंडासाठीं तोडून नेण्यांत आला. दुसरा मागाहून दुरुस्त झाल्यामुळें उभा आहे. इंग्लंडांत डॉर्सेटमधील निसर्गदृश्य मोकळें करण्याकरितां तारा जमिनीखालीं नेऊन २०२२ मध्यें २२ मनोरे काढले, व २०२३ मध्यें सॉमरसेटमध्यें इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या, जुन्यांहून ठेंगण्या मनोऱ्यांतून वीज वाहूं लागली. अशा फेरबदलास आमचा विरोध नाहीं. परंतु जें जातें त्याची नोंद आधीं झाली पाहिजे.

आपल्या प्रांताचा इतिहास या बाबतींत ब्रिटनच्या मागें नाहीं. सह्याद्रीवर अडविलेल्या पाण्यापासून खोपोलीस तयार केलेली टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांस १९१५ मध्येंच मिळूं लागली. म्हणजे फॉल्किर्कच्या मनोऱ्यापूर्वीं तेरा वर्षें. आणि येथील वादही अधिक खोल होता. टाटांच्याच पुढील योजनेविरुद्ध १९२१ मध्यें सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, तो टेंकडीच्या शोभेसाठीं नव्हता. शेतकऱ्यांचीं घरें व भाताचीं खाचरें पाण्याखालीं जाणार होतीं, म्हणून होता. धरण झालें, व १९२७ मध्यें भिऱ्याचें वीजगृह चालू झालें. तेव्हां मनोऱ्याचें कौतुक करतांना त्याच्या तारांचें दुसरें टोंक कोठें आहे हेंही आपण विसरतां कामा नये.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, जुन्या वाड्यांतून सनदा व वतनपत्रें शोधतांना जमीन घेतल्याच्या नोटिसा, भरपाईच्या पावत्या, तारांच्या मार्गाचे नकाशे व मनोऱ्यांचीं छायाचित्रें हीं रद्दी समजून टाकूं नयेत. लोखंड मोडींत गेलें तरी त्याचा दाखला या कागदांत राहतो. आणि ज्यांच्या शेतांत मनोरा उभा राहिला, किंवा ज्यांचीं शेतें धरणाखालीं गेलीं, त्यांच्या बाजूचा पुरावा पुष्कळदां याच कागदांत सांपडेल.